लाल बटन

कुपवाड एमआयडीसीत माझं कंट्रोल पॅनेलचं छोटं वर्कशॉप आहे. साखर कारखान्यांची, पाणीपुरवठ्याची कामं करतो. त्यामुळे बाहेरच्या एका कंपनीचं ‘हिरो’चं काम आलं तेव्हा पोरं हरखली. पुरातून, आगीतून माणूस ओढून आणणारा रोबो. रुंद खांदे, निळा रंग, छातीवर सोनेरी ढाल. वायरिंग आणि शेवटची चाचणी आमच्याकडं.

सांगलीत असलं काही विकायला फार बोलावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. तिकडं पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. कंपनीचा माणूस पहिल्याच भेटीत हे सगळं घडाघडा बोलला. आमचाच पूर आम्हाला विकतोय, असं मनात आलं. पण ॲडव्हान्स जमा झाला होता.

पहिल्या ड्रॉइंगमध्ये इमर्जन्सी स्टॉप, म्हणजे यंत्र तातडीनं बंद करायचं बटन, छातीवर होता. लाल, छत्रीसारखं, मागं पिवळा रंग. आयएसओ १३८५० या आंतरराष्ट्रीय मानकात हे रंगसुद्धा ठरवून दिलेत, कारण घाबरलेला माणूस पाटी वाचत बसत नाही. दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये बटन पाठीवर गेलं, तेही चार स्क्रूंच्या झाकणाआड. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, “सर, फोटोत ते बरं दिसत नाही. आणि हिरोला कोण बंद करतं?” मी हसलो आणि तसं वायरिंग केलं. ते मी केलं, दुसऱ्या कुणी नाही.

चाचणीच्या दिवशी वाळू भरलेला शर्ट-पॅन्टचा पुतळा रोबोनं तीनदा नीट ओढून आणला. एकदा धरलं की सुरक्षित जागी पोचेपर्यंत सोडायचं नाही, मधेच सिग्नल गेला तरी नाही, असा प्रोग्रॅम. पुराच्या पाण्यात ते बरोबरच आहे. मग कॅमेरावाल्याला जिवंत माणूस हवा झाला. आमचा हेल्पर हौसेनं आडवा पडला. मी नको म्हणायला हवं होतं.

रोबोनं दंड धरला आणि ओढायला लागला. वळताना हेल्परचं कोपर शेडच्या खांबाला अडकलं. “आरं थांबवा की ह्येला!” पोरगं ओरडलं, हात हिसडायला लागलं. टॅब्लेटवाला बोटं मारत होता, पण रोबो ऐकेना, उलट पकड घट्ट झाली. नंतर कळलं, धडपडणारा माणूस म्हणजे घाबरलेला, बुडणारा. त्याला आणखी आवळून धरायचं, असं आत भरलेलं होतं. ‘वाचवा’ आणि ‘सोडा’ यातला फरक त्याला कुणी शिकवलाच नव्हता.

मी पाठीमागं स्क्रूड्रायव्हर घेऊन. दोन स्क्रू निघाले, तिसऱ्याचा खाचा गेला. मिस्त्रीनं मला बाजूला ढकललं, छिन्नी घातली आणि झाकण फाडलं. बटन दाबलं, व्हॉल्व्हची हवा सुटली, पकड उघडली.

मिरजेला नेलं. हाडाला बारीक तडा. दीड महिना प्लास्टर.

संध्याकाळी कंपनीच्या माणसाचा फोन. तब्येत विचारली, मग म्हणाला, “पकडलेला शॉट भारी आलाय, ओरडण्याच्या आधी कापू.” पाठोपाठ रिपोर्टचा मसुदा आला. ‘स्वयंसेवकाने सूचना न पाळता हालचाल केली.’ माझ्या पगारी हेल्परला त्यांनी स्वयंसेवक करून टाकलं होतं. खाली माझ्या सहीची जागा, आणि मेलमध्ये एक ओळ: सही आली की उरलेलं बिल लगेच निघेल.

१९७९ मध्ये अमेरिकेत मिशिगनला फोर्डच्या कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स नावाचा कामगार रोबोच्या हाताच्या तडाख्यानं मेला. माणसं येईपर्यंत अर्धा तास ते यंत्र आपलं काम करत राहिलं. त्या यंत्राला हिरो तरी कुणी म्हणत नव्हतं. म्हणजे बटन कुठं ठेवायचं ते निदान फोटोवरून ठरलं नसणार.

मी मसुद्यातली ती ओळ खोडली. दुसऱ्या ड्रॉइंगप्रमाणे बटन झाकणाआड गेलं, आणि ते मी केलं, असं लिहून सही केली.

बिल अजून आलेलं नाही. हिरो कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. हेल्परचं प्लास्टर निघालं, कामावर येतो, पण चहा आणायला जाताना लेथच्या मागून वळसा घालतो.