डॉल्फिनच्या मडगार्डमधला पाव मिलिमीटर

सिपानी डॉल्फिन ही छोटी मोटार ज्यांनी रस्त्यावर पाहिली आहे, त्यांच्याही ती सहसा लक्षात राहिलेली नाही. बंगळुरूच्या सिपानी कंपनीने १९८२ मध्ये ती बाजारात आणली. घाट इंग्लंडच्या रिलायंट किटन या गाडीचा, दोन दारे, ८४८ सीसीचे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन, खाली पोलादी चासी आणि वर संपूर्ण फायबरग्लासची बॉडी, असा तिचा सगळा मामला होता. वजनाला हलकी असल्यामुळे मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत ती चमकली. परंतु १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि चार दारांच्या त्या गाडीपुढे तिचा निभाव लागला नाही. अशाच मागे पडलेल्या गाड्यांच्या १:४३ प्रमाणातल्या प्रतिकृती मी रेझिनमध्ये घडवतो आणि जोडणीचे संच म्हणून विकतो. गाजलेल्या गाड्यांची तयार प्रतिकृती कुठेही मिळते. माझ्याकडे येणाऱ्या ग्राहकाला हवी असलेली गाडी दुसऱ्या कोणीच केलेली नसते.

बाहेरच्या माणसाला वाटते की हे काम म्हणजे साच्यात रेझिन ओतणे. ओतणे हा त्यातला सर्वांत छोटा भाग आहे. खरी मेहनत असते ती मास्टरवर, म्हणजे ज्याच्यावरून साचा निघतो त्या पहिल्या नगावर. मास्टरच्या अंगावरचा केसाएवढा ओरखडाही सिलिकॉन इमानेइतबारे उचलते आणि पुढच्या प्रत्येक नगावर छापते. साचा दोन भागांत घेण्यासाठी मास्टर अर्धा मातीत बसवावा लागतो, आणि त्या मातीत गंधक असेल तर प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने जमणारे सिलिकॉन तेवढ्या भागात कायमचे चिकट राहते. महागडे सिलिकॉन टाकून द्यावे लागते. रेझिनचे दोन घटक मिसळल्यावर हातात मोजकी मिनिटे उरतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हवेतला ओलावा त्यातल्या आयसोसायनेट या घटकाशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि बॉडी आतून पावासारखी फुगते. म्हणून जून ते सप्टेंबर मी ओतकाम करत नाही. ‘हेच खेळणे चीनचे तीनशे रुपयांत मिळते’ असे ऐकवणाऱ्यांना यातले काही सांगायला मी जात नाही, परंतु त्या वाक्याचा मला मनापासून त्रास होतो.

डॉल्फिनच्या मापांसाठी मला मिरजेजवळच्या एका शेडमध्ये उभी असलेली गाडी मिळाली. मालकीण निवृत्त प्राध्यापिका आहेत, त्यांना सगळे बाई म्हणतात. त्या याच गाडीवर वाहन चालवायला शिकल्या आणि पुढे वर्षानुवर्षे तिनेच महाविद्यालयात जात राहिल्या. गाडी चालू स्थितीत नाही, पण काचा, दारे, दिवे सगळे जागेवर आहे. मी व्हर्नियर, ओळंबा आणि वक्राकार उचलणारे कंटूर गेज घेऊन सकाळी कामाला लागलो.

हाताने थापलेल्या फायबरग्लासच्या बॉडीच्या दोन बाजू कधी तंतोतंत सारख्या नसतात. साच्यात आधी जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत रेझिनचा थर, मारायचा, त्यावर काचतंतूंची मॅट अंथरायची, ब्रश आणि रोलरने रेझिन मुरवायचे आणि जमल्यावर कवच सोडवून कडा कापायच्या. कापणाऱ्याचा हात जिथे हलला, तिथे कड हलली. या गाडीवरही दारांच्या फटी, बॉनेटच्या कडा, खिडक्यांच्या चौकटी डाव्या-उजव्या बाजूंना तीन-चार मिलिमीटरांनी वेगळ्या भरत होत्या आणि मला तेच अपेक्षित होते. मागच्या चाकांवरच्या कमानी मात्र दोन्ही बाजूंना अगदी एकसारख्या निघाल्या. पुन्हा मोजले, तरी तेच. सगळ्या गाडीत हीच एक जागा इतकी नेमकी कशी, हा प्रश्न मी बाईंना विचारला. त्यांनी उत्तर न देता माणूस पाठवून चाचांना बोलावले.

चाचांची आयुष्यभराची कमाई फायबरकामातली आहे. पाण्याच्या टाक्या, ट्रकच्या केबिनचे भाग, मंडळांच्या देखाव्यांचे खांब, सगळे त्यांनी केले. त्यांनी खिशातून नाणे काढले आणि दारापासून मागे टकटक करत आले. दारामागे आवाज पातळ आणि खणखणीत होता; कमानीच्या वर चार बोटांवर तो एकदम बसका झाला. ‘हितनं पुढं कंपनीचं, हितनं मागं माझं,’ ते म्हणाले. मग मागची सीट काढून त्यांनी मला आतून बॅटरीच्या उजेडात दाखवले. कंपनीच्या कवचाची आतली बाजू विस्कटलेल्या तुटक तंतूंची होती, आणि त्यावर चढलेल्या त्यांच्या थरात रोव्हिंगची, म्हणजे काचतंतूंच्या विणलेल्या कापडाची, चटईसारखी वीण स्पष्ट दिसत होती. रंगाच्या खाली दडलेली ही सीमारेषा मला कोणत्याही उपकरणाने सापडली नसती.

हकीकत अशी की ट्रकच्या धक्क्याने डावी कमान फुटली, तेव्हा बाईंच्या सांगण्यावरून चाचांनी ती नव्याने घडवताना जवळजवळ एक सेंटीमीटर वर उचलली, कारण मागे माणसे बसली की टायर घासत असे. पुढे उजवी बाजू फाटकाला लागली, त्या वेळी त्यांनी डाव्या कमानीवरून पुठ्ठ्याचा फर्मा कापून उजवी तशीच केली. त्यामुळे दोन्ही कमानी एकमेकींशी जुळतात आणि कारखान्यातून निघालेल्या आकाराशी दोन्हींपैकी एकही जुळत नाही. मूळ कड तर कापून टाकलेली, म्हणजे मोजायला शिल्लकच नाही.

खऱ्या गाडीवरचा एक सेंटीमीटर माझ्या प्रमाणात जेमतेम पाव मिलिमीटर होतो. रंगाचे दोन जाड हात बसले तर एवढे अंतर सहज बुजते, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. चाकाभोवतीची काळी फट आणि कडेवर चमकणारी उजेडाची रेघ यांवरच डोळा गाडी ओळखतो, आणि तिथे पाव मिलिमीटर गाडीची बसण्याची ढब बदलून टाकतो. दहा इंची चाकांच्या या गाडीत टायरचा किती भाग झाकला जातो, यावरच तिचा ठेंगणेपणा अवलंबून आहे.

चाचांनी जुनी कड कुठे होती ते दाखवायचे ठरवले. पुठ्ठा कापला, कमानीला आतून टेपने चिकटवला, दोन पावले मागे जाऊन पाहिले, पुन्हा काढून पुढच्या कोपऱ्यात थोडा तासला आणि मग म्हणाले, ‘आता घ्या माप.’ मी ते घेतले. जुन्या जाहिरातीतल्या छायाचित्राशी ते पडताळूनही पाहिले. कोन तिरपा असल्यामुळे आकडा काढता येत नाही, पण झाकलेल्या टायरचे प्रमाण जुळते.

आता वाद आहे तो इथे. बाईंचे म्हणणे स्पष्ट आहे की प्रतिकृती या गाडीची आहे, तर ती या गाडीसारखीच असावी. दुरुस्ती हाही तिच्या आयुष्याचा भाग आहे. बंगळुरूच्या एका जुन्या संग्राहकांना कारखान्याची गाडी हवी आहे आणि पुठ्ठ्याचा पुरावा त्यांना मान्य नाही. कमान सरळ किटनच्या रेखाचित्रांवरून घ्यावी, असा त्यांचा आग्रह आहे. तो मी मान्य केलेला नाही. इंग्लंडातल्या साच्याची कड आणि बंगळुरूत हाताने कापलेली कड एकच असेल, हे गृहीत धरायला माझ्याकडे काही आधार नाही, आणि ज्याने मूळ कड स्वतः हाताळून कापली त्याच्या नजरेपेक्षा परदेशातला कागद मोठा मानण्याची आपल्या छंदातली सवय मला मुळीच पटत नाही.

मास्टरवर मी चाचांच्या पुठ्ठ्याची खालची कड ठेवली आहे. रेझिन घासून कमी करता येते, नेमके वाढवणे अवघड असते. बाईंची गाडी ज्याला हवी त्याला बारीक गोल कानशीने कमान वर नेता येईल, आणि बाईंचा नग मी स्वतः तसा करून देणार आहे. सूचनापत्रकात दोन्ही मापे आणि ती कशी मिळाली हे चाचांच्या संमतीने त्यांच्या नावासह छापायचे ठरवले आहे. तरीही एका माणसाच्या आठवणीवर आधारलेला आकार प्रत्येक नगावर उमटणार, ही जबाबदारी मला हलकी वाटत नाही. त्या संग्राहकांनी आपली मागणी रद्द केली आहे. हात न लागलेल्या मागच्या कमानीची डॉल्फिन कुठे आढळली तर माप कळवावे, असे मी त्यांना लिहिले आहे. पावसाळा संपल्यावर साचा घ्यायचा आहे, तोपर्यंत कड बदलता येईल.