पीएसए कशासाठी केली? युरॉलॉजी कोडिंगमध्ये लाईव्ह होईपर्यंतचा माझा अनुभव

शिवाजी विद्यापीठातनं बीएस्सी मायक्रो झाल्यावर मी राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये कामाला होतो. रक्त काढा, ट्यूबला स्टिकर लावा, मशीनला टाका, रिपोर्ट प्रिंट करा. पीएसए, म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी करतात ती रक्ताची टेस्ट, रोजचीच. चिठ्ठीवर डॉक्टरांनी नुसतं पीएसए खरडलेलं असायचं, ते कशासाठी हे आम्ही कधी विचारलं नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं, ट्यूब तीच पिवळ्या टोपणाची, दर तोच, पेशंट काउंटरला पैसे देऊन मोकळा. आता घरी बसून अमेरिकेच्या चार्टचं मेडिकल कोडिंग करतोय, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या नोंदी वाचून विम्याच्या बिलासाठी आजाराला आणि टेस्टला ठरलेले कोड लावतोय, आणि तीच टेस्ट कशासाठी केली हे शोधायचेच पैसे मिळतात.

आधी सीपीसी, म्हणजे कोडरच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. एएपीसी ह्या कोडर लोकांच्या अमेरिकन संस्थेची परीक्षा, १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्क्याला पास, पुस्तकं समोर ठेवून द्यायची. पुस्तक समोर म्हणजे सोपं असं वाटत असेल तर नाही, शोधायची सवय नसली की पानं उलटण्यातच वेळ संपतो. मी पुस्तकाला रंगीत टॅब चिकटवून चिकटवून त्याची पार रांगोळी केलेली. पास झालो, अनुभव नसल्यामुळं नावापुढं अप्रेंटिसचा ए लागला, आणि नोकरीत ट्रेनिंग झाल्यावर युरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या चार्टच्या क्यूत टाकलं. तिथं अट अशी की ऑडिटमध्ये ९५ टक्के ॲक्युरसी आल्याशिवाय लाईव्ह, म्हणजे खऱ्या बिलांचं काम नाही.

खरा खेळ तिथं कळला. बिलावर दोन कोड जोडीनं जातात, एक कारणाचा (डायग्नोसिस) आणि एक टेस्टचा. प्रोस्टेट कॅन्सरच्या स्क्रीनिंगसाठी, म्हणजे त्रास नसताना केलेल्या तपासणीसाठी डायग्नोसिस कोड झेड १२.५, आणि पेशंट मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या अमेरिकेच्या सरकारी विम्याचा असेल तर पीएसएला जी ०१०३. पण त्याच माणसाला काही त्रास आहे, किंवा आधीची पीएसए वाढलेली आहे म्हणून टेस्ट केली तर ती स्क्रीनिंग नाहीच, मग ८४१५३ आणि सोबत जे कारण असेल त्याचा कोड, म्हणजे वाढलेली पीएसए असेल तर आर ९७.२०, प्रोस्टेट मोठं होऊन लघवीचा त्रास असेल तर एन ४०.१ वगैरे. रक्त तेच, मशीन तेच, आकडा तोच. जोड्या उलट्या लावल्या, म्हणजे ८४१५३ ला झेड १२.५ किंवा जी ०१०३ ला आर ९७.२०, की मेडिकेअरकडनं क्लेम (बिलाची मागणी) परत. खासगी विमा कंपन्या बऱ्याचदा ८४१५३ सोबत झेड १२.५ घेतात, त्यामुळं पेशंटचा पेअर, म्हणजे बिल भरणारा कोण हे आधी बघायचं आणि मगच चार्ट उघडायचा ही सवय मी लावून घेतली.

मेडिकेअर हे स्क्रीनिंग १ जानेवारी २००० पासून देतंय. वयाची ५० पूर्ण झाल्यावर, वर्षातनं एकदा. पण वर्ष मोजायची त्यांची पद्धत वेगळी आहे, मागची टेस्ट ज्या महिन्यात झाली तो महिना सोडून पुढचे ११ महिने पूर्ण जावे लागतात, म्हणजे १५ मार्चला टेस्ट झाली असेल तर पुढच्या वर्षी १ मार्चपासून चालते, १५ ची वाट बघायची गरज नाही. पीएसएला पेशंटला काही भरावं लागत नाही. बोटानं तपासणी केली तर त्याचा कोड जी ०१०२, तिथं मात्र डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी पेशंटनं स्वतः भरायची रक्कम) आणि २० टक्के पेशंटच्या अंगावर. आणि त्याच दिवशी डॉक्टरांची कव्हर होणारी नेहमीची व्हिजिट बिल केली असेल तर जी ०१०२ चे वेगळे पैसे नाहीत, ते व्हिजिटमध्येच धरतात.

आता एक चार्ट सांगतो म्हणजे कळेल. ६७ वर्षांचे गृहस्थ, वार्षिक तपासणीला आलेले, रात्री दोनदा उठावं लागतं, टॅम्सुलोसिन हे प्रोस्टेटच्या त्रासाचं औषध चालू. खाली पीएसएची ऑर्डर. आमच्या बॅचमधला इचलकरंजीचा मित्र लगेच म्हणाला, लक्षणं आहेत ना भावा, ८४१५३ लाव. पण असेसमेंटमध्ये डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलेलं, प्रोस्टेट वाढलंय पण त्रास आहे तेवढाच आहे, तेच औषध चालू ठेवा, आणि त्याच्याखाली वेगळ्या नंबरला प्रोस्टेट कॅन्सर स्क्रीनिंग, पीएसए. म्हणजे ही ऑर्डर त्रासासाठी नाही. झेड १२.५, जी ०१०३. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाचं स्क्रीनिंग होऊच शकत नाही असं कुठंच लिहिलेलं नाही, डॉक्टरांनी ऑर्डर कशाला जोडलीय तेवढंच बघायचं.

आणि जिथं काहीच जोडलेलं नसतं तिथं क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणा. ह्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. ट्रेनर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलेलं, डॉक्टरच्या तोंडात उत्तर घालायचं नाही आणि पैशाचा विषय तर काढायचाच नाही. 'हे स्क्रीनिंगच होतं ना, कन्फर्म करा' असं लिहिलं की ती लीडिंग, म्हणजे उत्तर सुचवणारी क्वेरी झाली. आम्ही पाठवायचो ती साधारण अशी: या व्हिजिटमध्ये पीएसएची ऑर्डर आहे, नोटमध्ये कारण आढळत नाही, कृपया आपल्या वैद्यकीय निर्णयानुसार नोंदवा, लक्षणं नसताना केलेलं स्क्रीनिंग, लक्षण किंवा असामान्य तपासणी असल्यास कोणती, इतर, किंवा सांगता येत नाही. वाचायला कोरडं वाटतं पण असंच हवं. उत्तर कधी तासाभरात येतं, कधी येतच नाही, मग तो चार्ट होल्डला पडून राहतो आणि टीम लीड रोज विचारतो काय झालं त्याचं.

दुसरी अडायची जागा म्हणजे 'रूल आउट प्रोस्टेट कॅन्सर', म्हणजे कॅन्सर नाही ना याची खात्री करा. ओपीडीच्या चार्टमध्ये संशय, शक्यता, रूल आउट असलं काही असेल तर त्याला कॅन्सरचा सी ६१ लावायचा नाही, जे दिसतंय ते लावायचं. मला हा नियम लई पटतो. सी ६१ एकदा रेकॉर्डला चिकटला की तो माणूस कागदोपत्री कॅन्सरचा पेशंट झाला, नंतर बायोप्सी चांगली आली तरी तो काढायला कोण बसणार? तसंच एका नोटमध्ये नुसतं 'हिस्टरी ऑफ प्रोस्टेट कॅन्सर', कुणाची ते नाही. पेशंटची असेल तर झेड ८५.४६ आणि मग ती पीएसए स्क्रीनिंगही राहत नाही, फॉलोअप होते. वडिलांची असेल तर झेड ८०.४२ आणि स्क्रीनिंग चालू शकतं. जुन्या नोट्स उघडल्यावर कळलं वडिलांची.

७८ वर्षांच्या माणसाचं स्क्रीनिंग दिसलं की सुरवातीला हात थांबायचा, कारण अमेरिकेतल्याच प्रिव्हेंटिव्ह टास्क फोर्सनं २०१८ मध्ये सांगितलंय की ५५ ते ६९ मध्ये डॉक्टरशी बोलून ठरवा आणि ७० च्या पुढं करू नका. पण मेडिकेअरला वरच्या वयाची मर्यादा नाही आणि टेस्ट करायची का नाही हे ठरवणं आमचं काम नाही.

ऑडिट लागलं त्या आठवड्यात पाऊस असा की पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर आणि लाईटचा पत्ता नाही, इन्व्हर्टर आणि मोबाईलच्या नेटवर काम रेटलं. क्लिअर झालो. आता बायोप्सीचे चार्ट आहेत. बायोप्सीच्या दिवशी हातात आर ९७.२० च असतो, पण कोडिंग करेपर्यंत पॅथॉलॉजीचा फायनल रिपोर्ट आला असेल तर त्यात निघालेलं निदान घ्यायचं, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं का रोजचं टार्गेट भरायचं यावरनं टीमच्या ग्रुपवर रोज रात्री वाद चालू असतो.