पाव गोल, पाऊण गोल : फुटबॉलमधील हँडिकॅप समजून घेताना

फुटबॉलच्या सामन्यावर पैज लावण्याचा सर्वांत सरळ प्रकार म्हणजे विजय, बरोबरी आणि पराभव यांपैकी एकाची निवड करणे, आणि बरीच वर्षे माझी समज तेवढ्यापुरतीच मर्यादित होती. बलाढ्य संघाची गाठ दुबळ्या संघाशी असेल, तर बलाढ्य संघाचा भाव 1.15 किंवा 1.20 इतका खाली येतो. म्हणजे 100 लावून पदरात पडणार 15 किंवा 20, आणि सामना फिरला तर शंभरच्या शंभर बुडणार. अशा सामन्यांच्या भावांच्या तक्त्यात मुख्य रकान्यांशेजारी -1.5, +0.25, -0.75 असे आकडे दिसत आणि मी ते ओलांडून पुढे जात असे. ते समजून घ्यायचे ठरवले ते कमाईच्या ओढीने कमी आणि गोलाचे पाव किंवा पाऊण असे तुकडे कसे पडतात या कुतूहलाने जास्त.

हे आकडे म्हणजेच हँडिकॅप, आणि त्यांतल्या प्रत्येक आकड्याला रेषा म्हणतात. मूळ कल्पना अवघड नाही. सामना सुरू होण्यापूर्वीच बलाढ्य संघाच्या खात्यातून काही गोल कागदावर वजा करायचे किंवा दुबळ्या संघाला तेवढेच बहाल करायचे, आणि अंतिम गोलसंख्येत हा हिशेब मिळवून पैजेचा निकाल लावायचा. -1.5 या रेषेवर पैज जिंकायची तर संघाने किमान दोन गोलांच्या फरकाने जिंकले पाहिजे, समोरच्या +1.5 वर पैज लावणाऱ्याला त्याचा संघ जिंकला, बरोबरीत राहिला किंवा एकाच गोलाने हरला तरी पैसे मिळतात. अर्धा गोल कोणीच मारू शकत नसल्यामुळे या रेषेवर पैज अनिर्णित राहत नाही.

घोटाळा सुरू होतो तो पूर्ण आकड्यांवर, कारण -1 असे लिहिलेले दिसले तरी त्याचे दोन वेगवेगळे अर्थ असू शकतात. युरोपीय हँडिकॅपमध्ये तीन पर्याय असतात आणि हँडिकॅप धरून होणारी बरोबरी हा त्यांतला एक स्वतंत्र पर्याय असतो. त्यामुळे संघ 2-1 असा जिंकला तर -1 वर लावलेले पैसे सरळ जातात. आशियाई हँडिकॅपमध्ये बरोबरीचा पर्यायच नसतो. तिथे त्याच 2-1 निकालावर लावलेली रक्कम जशीच्या तशी परत मिळते. तेव्हापासून कोणताही भाव पाहताना मी आधी रकाने मोजतो : तीन असतील तर युरोपीय, दोन असतील तर आशियाई. एवढ्या एका सवयीने निम्मा गोंधळ संपतो.

पाव आणि पाऊण गोलांच्या रेषा मात्र नुसत्या वाचून कळत नाहीत, त्या कागदावर सोडवाव्या लागतात. अशी पैज ही एक नसून दोन पैजा असतात आणि रक्कम शेजारच्या दोन रेषांवर अर्धी अर्धी वाटली जाते. समजा 1.90 या भावाने -0.75 वर 100 लावले. त्यांतले 50 जातात -0.5 वर आणि 50 जातात -1 वर. संघ दोन किंवा अधिक गोलांनी जिंकला तर दोन्ही भाग जिंकतात आणि 190 परत येतात. एकाच गोलाने जिंकला तर पहिल्या भागाचे 95 मिळतात, दुसऱ्या भागाचे 50 नुसते परत येतात, आणि एकूण 145 हातात पडतात, म्हणजे निव्वळ लाभ 45. बरोबरी किंवा पराभव झाला तर सगळेच गेले. हीच रक्कम -1.25 वर लावली असती, तर एका गोलाच्या विजयावर अर्धी रक्कम बुडून केवळ 50 परत आले असते. -0.75 आणि -1.25 यांत दिसायला फरक अर्ध्या गोलाचा, पण 1-0 या फुटबॉलमध्ये नेहमी दिसणाऱ्या निकालावर एकीकडे 45 चा नफा आणि दुसरीकडे 50 चा तोटा. मी पाव-पाव गोलाच्या टप्प्यांनी उणे दोनपासून अधिक दोनपर्यंतचा तक्ता हाताने मांडला, प्रत्येक गोलफरकासमोर किती परत येणार ते लिहिले, आणि हे गणित डोक्यात पक्के बसले ते त्यानंतरच.

तक्ता मांडताना आणखी एक गोष्ट उघड झाली. आशियाई -0.5 म्हणजे साध्या पैजेतला विजयच, आणि +0.5 म्हणजे विजय किंवा बरोबरी. एकच गोष्ट दोन नावांनी दोन रकान्यांत असते आणि दोन्हींचे भाव नेहमी सारखे नसतात, म्हणून दोन्ही ताडून पाहणे फुकटचे शहाणपण आहे. शून्य रेषेवर, म्हणजे बरोबरी झाली तर पैसे परत या पर्यायावर, हाच न्याय लागू होतो.

मग नियमांचा भाग. हँडिकॅपचा निकाल सामान्यतः 90 मिनिटे आणि पंचांनी दिलेली भरपाईची वेळ एवढ्यावरच लागतो. जादा वेळ आणि पेनल्टी शूटआउट धरले जात नाहीत. 18 डिसेंबर 2022 रोजी झालेली विश्वचषकाची अंतिम लढत यासाठी उत्तम उदाहरण आहे. अर्जेंटिनाने चषक जिंकला, पण 90 मिनिटांनंतर गोलसंख्या 2-2 होती. अर्जेंटिना -0.5 घेणाऱ्याचे पैसे गेले असते, शून्य रेषेवरची रक्कम परत आली असती आणि -0.25 वर अर्धी रक्कम बुडाली असती. दोन टप्प्यांच्या बाद लढतींतही हँडिकॅप फक्त त्या दिवशीच्या सामन्याला लागतो. 2019 मध्ये लिव्हरपूल पहिल्या टप्प्यात बार्सिलोनाकडून 3-0 ने हरून दुसऱ्या टप्प्यात उतरला आणि 4-0 ने जिंकला. दुसऱ्या टप्प्याच्या पैजेत आधीच्या त्या तीन गोलांना काहीही स्थान नव्हते.

सामना चालू असताना लावलेल्या आशियाई हँडिकॅपचा नियम तर नवख्याला हमखास चकवतो. तिथे बहुतेक ठिकाणी पैज लावल्या क्षणापासून गोलसंख्या 0-0 धरली जाते आणि आधी झालेले गोल हिशेबात येत नाहीत. त्याच अंतिम लढतीत मध्यंतराला अर्जेंटिना 2-0 ने पुढे होता. त्या वेळी कोणी अर्जेंटिनावर शून्य रेषेची पैज लावली असती, तर दोन गोलांची आघाडी त्याच्या काही कामाची नव्हती. फ्रान्सच्या एम्बापेने 80व्या आणि 81व्या मिनिटाला केलेल्या दोन गोलांमुळे उरलेला सामना कागदावर फ्रान्सने 2-0 असा जिंकला आणि पैज बुडाली.

हे सगळे कळल्यावर खरा प्रश्न उरतो तो वापर कधी करायचा हा. माझे मत असे झाले आहे की आपला अंदाज गोलफरकाविषयी असेल तेव्हाच हँडिकॅपकडे जावे. ‘हा संघ जिंकणारच’ हा अंदाज -1.5 घेण्यासाठी पुरेसा नाही, कारण जिंकणे आणि मोठ्या फरकाने जिंकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका गोलाची आघाडी मिळाल्यावर चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ नेऊन वेळ काढणारे, बचावपटू वाढवणारे संघ कितीही मोठे असले तरी या रेषेवर भरवशाचे नसतात. आघाडीनंतरही दबाव कमी न करणाऱ्या संघांची गोष्ट निराळी. पिछाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटांत गोलरक्षकासकट पुढे धावतो तेव्हा मागे मोकळे सोडलेले मैदान दुसरा गोल मिळवून देते, आणि तो गोल सामन्याचा विजेता बदलत नसला तरी हँडिकॅपचा निकाल बदलून टाकतो.

गरज कोणाला किती आहे, हेही पाहावे लागते. 2022 च्या विश्वचषकात पुढची फेरी आधीच गाठलेल्या फ्रान्सने संघात मोठे बदल केले आणि ट्युनिशियाकडून 1-0 ने हार पत्करली. ब्राझीलचे कॅमेरूनविरुद्ध तसेच झाले. अशा सामन्यांत नावाजलेल्या संघाच्या विरुद्ध बाजूचा अधिक एक किंवा दीड गोलांचा आधार मला जास्त विचार करण्याजोगा वाटतो. तुल्यबळ संघांत मात्र मोठ्या रेषांचा प्रश्नच येत नाही. तिथे शून्य किंवा पाव गोलाची रेषा बरोबरीचा धक्का थोडा सौम्य करते, आणि त्या सौम्यपणाची किंमत कमी भावातून वसूल केली जाते.

ती किंमत विसरता येत नाही. दोन्ही बाजूंना 1.90 भाव असेल तर प्रत्येक बाजूची गर्भित शक्यता, म्हणजे 100 भागिले भाव, सुमारे 52.6 टक्के होते; दोन्हींची बेरीज 105 च्या वर जाते आणि शंभराच्या वरचा भाग बुकीचा असतो. म्हणजे अर्ध्या गोलाच्या रेषेवर निम्म्या पैजा जिंकूनही माणूस तोट्यातच राहतो. हँडिकॅपमुळे हे गणित नाहीसे होत नाही, फक्त प्रश्न बदलतो. आणि एखादी पैज चुकली म्हणून पुढच्या पैजेची रक्कम वाढवण्याने तर तोटाच वेगाने वाढतो.

सध्या मी भाव पाहण्यापूर्वी स्वतःचा अपेक्षित गोलफरक वहीत लिहितो आणि मग रेषेशी ताडतो. दोहोंत पाव गोलाइतकेच अंतर असेल तर सामना नुसता पाहतो, आणि बहुतेक सामन्यांत अंतर तेवढेच निघते. अंतर अर्ध्या गोलाहून जास्त निघाले तर आधी संघाची यादी, जखमी खेळाडू आणि स्पर्धेतील स्थिती पुन्हा तपासतो, कारण अशा वेळी मला न कळलेली एखादी बातमी भाव ठरवणाऱ्यांना आधीच कळलेली असण्याचाच संभव अधिक. त्यातूनही पैज लावायचीच ठरली, तर ती कायद्याने परवानगी असलेल्या ठिकाणी आणि हंगामाच्या सुरुवातीला बाजूला काढलेल्या, पूर्ण बुडाली तरी चालेल अशा रकमेतूनच लावतो.