ऊतींचा रामन स्पेक्ट्रम: लेसर मिळवतानाच दमछाक

ऊतींचे नमुने मिळाले, एथिक्स कमिटीची मंजुरीही आली. अडलं ते उपकरण विभागाच्या स्लॉटच्या फॉर्मवर. नमुना द्रव आहे, पावडर आहे की पातळ थर, एवढंच त्यात विचारतात. कोणत्या तरंगलांबीचा लेसर हवा, याला रकानाच नाही! मग जे मशीन रिकामं ते माथी मारायचं, आणि रिकामं असायचं ते नेहमी ५३२ नॅनोमीटरचं. "रामनच करायचंय ना, मग लेसर कुठलाही चालेल," हे खिडकीवरचं उत्तर आठवलं की अजून संताप येतो.

नाही चालत. रामन विकिरण, म्हणजे रेणूंवर आदळून तरंगलांबी बदलून परतणारा प्रकाश, इतकं क्षीण असतं की कोटभर फोटॉनांमागे जेमतेम एखादा हाती लागतो. हिरव्या प्रकाशात ऊतींमधली पॉर्फिरिन, लिपोफसिनसारखी द्रव्यं स्वतःच चमकतात आणि त्या चमकेत तो सिग्नल बुडून जातो. स्क्रीनवर नुसता गुळगुळीत उंचवटा, शिखर म्हणून एक नाही. ७८५ नॅनोमीटरच्या लेसरला ही चमक खूपच कमी होते. सिग्नलही साधारण पाचपटीने घटतो, म्हणून एक्स्पोजर वाढवावं लागतं आणि स्लॉटही मोठा लागतो. हे तोंडी सांगून कोणी ऐकेना. अखेर तो ५३२ चा उंचवटा छापून अर्जाला जोडला आणि थेट विभागप्रमुखांना भेटले. तुम्हीही सरळ तेच करा, खिडकीवर वाद घालत बसू नका.

७८५ वर पहिल्याच नमुन्यात १००४ ला (स्पेक्ट्रममधली जागा, सेमी⁻¹ मध्ये; पुढचे शिखरांचे आकडेही तसेच) प्रथिनांतल्या फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लाचं बारीक, सरळसोट शिखर उभं राहिलं. १६५५ च्या आसपास अमाइड-१ चा, म्हणजे प्रथिनांच्या कण्याचा, रुंद पट्टा. इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरच्यांनाही बोलावून दाखवलं.

हो, साधी काचेची स्लाइड अजिबात नको. ७८५ ला काच स्वतःच १४०० च्या आसपास रुंद फुगवटा देते. कॅल्शियम फ्लोराइडची घ्या, तिचं एकच शिखर ३२१ ला, आपल्या वाटेत न येणारं. पॅथॉलॉजीत आधीच सांगून ठेवा की पॅराफिन मेणात बसवलेले ब्लॉक नकोत, फ्रोझन सेक्शन (गोठवून कापलेले पातळ काप) हवेत. मेणाची १०६३, १२९६ आणि १४४१ ची शिखरं धुऊनही पुरती जात नाहीत. मशीनचे आकडे बरोबर आहेत ना हे पाहायला सिलिकॉनचं ५२०.५ चं शिखर सुरुवातीला तपासतातच, स्लॉट संपतानाही तपासा. आणि चमकेची पार्श्वभूमी वजा करण्याआधीची कच्ची फाइल वेगळी जपून ठेवा. परीक्षक तीच मागतात.