ऊन एवढं, मग पाणी का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कृषी केंद्रावर, लग्नात, बाजारात, जो भेटतो तो हेच विचारतो: "काहो भाऊ, आपल्या इकडं उनाची काय कमी हाय? सोलर पंप असून तुमची पऱ्हाटी कशी वाळली?"

उन्हानं नाही वाळली, आभाळानं वाळली. जूनमध्ये बरा पाऊस झाला, वाफसा आला, आम्ही कपाशी टोबली. रोप दोन पानांवर आलं आणि पाऊस गेला. आभाळ मात्र हटेना. सकाळी ढग, दुपारी ढग, संध्याकाळी वारा सुटून चार थेंब. मोटर सुरू व्हायची, ड्रिपच्या नळ्या फुगायच्या. ढग दाटला की पुन्हा चपट्या. धुऱ्याकडच्या ओळींपर्यंत दाबच पोचत नव्हता. वावरात विजेची लाईन नाही, डिझेल इंजिन केव्हाच विकलेलं. बायको बादली-तांब्या घेऊन एकेका रोपाला पाणी घालत होती आणि मी पॅनेल पुसत होतो, कारण दुसरं काही हातात नव्हतं. अर्ध्या वावरात पुन्हा टोबावं लागलं. बियाण्याची पाकिटं उधारीवर आणली.

मेमध्ये तरी जोरात चालत असेल, म्हणता. पॅनेलला उजेड लागतो, ताप नाही. त्यावर लिहिलेले वॅट पॅनेल 25 अंशांवर असतानाचे असतात. आमच्याकडे मेमध्ये हवाच 45 अंशांवर जाते, पॅनेल सहज 65 वर. 25 च्या वर दर अंशामागे 0.3 ते 0.4 टक्के घट धरा, 12 ते 16 टक्के वीज तिथंच गेली. त्यात विहिरीचं पाणी खाली गेलेलं, म्हणजे उपसा जास्त उंचीचा.

म्हणून सोलर वाईट, असं माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. रात्रीच्या लाईनसाठी साप-रानडुकरांच्या भीतीत जागलेला माणूस आहे मी. दिवसा पाणी देता येतं, ही लहान गोष्ट नाही. बसवलं तेव्हा मीच गावाला सांगत होतो, विजेची कटकट मिटली. आजही ते सगळं मागे घ्यायची माझी तयारी नाही.

पण पंप ठरतो एकरावर. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत अडीच एकरापर्यंत 3 अश्वशक्ती, पाचपर्यंत 5, पुढे 7.5. पावसाचा खंड किती लांबेल, ढग किती दिवस बसतील, हे त्या तक्त्यात कुठं आहे? मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात सुमारे तिप्पट झाल्या, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 सालीच दाखवलं. पाऊस असा बदलला, तर पंपाचा हिशोब जुन्या आभाळावर कसा चालेल?

परवा पुतण्या आला. "काका, अर्ज भरू का?" म्हटलं, भर. पण आधी मेमधलं विहिरीचं पाणी मोज, आणि ऊन असेल तेव्हा भरून ठेवायला टाकी बांध. "टाकीले पैसे कुठून आनू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझीच टाकी अजून जोत्यापर्यंत आली आहे.