कार सीटची तपासणी: कॅलिफोर्नियातील माझा अनुभव

आमची मुलगी आता पाच महिन्यांची झाली, तरी तिच्या कार सीटच्या, म्हणजे गाडीत बाळाला बांधून बसवायच्या खुर्चीच्या, तपासणीपायी गेलेल्या दिवसांची चीड माझ्या मनातून पूर्णपणे गेलेली नाही. सीट विकत घेणे आणि घरी पुस्तिका वाचून ती गाडीत बसवणे, ही कामे दोन संध्याकाळींत झाली. अडले ते नंतर.

कॅलिफोर्नियाचा कायदा स्पष्ट आहे. 8 वर्षांखालील मुलाला मागच्या आसनावर कार सीट किंवा बूस्टरमध्येच (मोठ्या मुलांना उंच बसवणाऱ्या आसनात) बसवावे लागते. उंची 4 फूट 9 इंच झाली असेल तर गाडीचा नेहमीचा पट्टा चालतो. 2017 पासून 2 वर्षांखालील मुलाची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून असावी लागते, आणि वजन 40 पौंड किंवा उंची 40 इंच झाली तरच त्यातून सूट मिळते. पहिल्या वेळचा मूळ दंड 100 डॉलर असला तरी इतर आकार धरून प्रत्यक्षात भरावी लागणारी रक्कम त्याच्या कितीतरी पट होते. मला मात्र दंडापेक्षा सीट नीट बसली आहे की नाही याची काळजी होती, म्हणून प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून ती तपासून घ्यायचे ठरवले. ही तपासणी अनेक ठिकाणी विनामूल्य होते.

पत्नीचा आठवा महिना संपत आला तेव्हा मी जवळच्या एका सरकारी कार्यालयात फोन केला. तपासणी आठवड्यातून एकाच दिवशी, तीही कामाच्या वेळेत होत असे. निरोप ठेवून पाच दिवस झाले तरी उलट फोन आला नाही. मी पुन्हा फोन केला, तेव्हा कुठे बारा दिवसांनंतरची वेळ मिळाली. त्या दिवशी अर्धी रजा टाकून गेलो, तर खिडकीपाशीच विचारणा झाली, की गाडीची पुस्तिका कुठे आहे. सीटची पुस्तिका माझ्या हातात होती. गाडी जुनी घेतलेली असल्यामुळे तिची पुस्तिका मला कधी मिळालीच नव्हती. दोन्ही पुस्तिका असल्याशिवाय तपासणी होणार नाही, असे मला सांगण्यात आले. नियम योग्य आहे, हे मला आज मान्य आहे, कारण कोणत्या आसनावर सीट कशी बांधायची हे गाडीच्या पुस्तिकेतच असते. पण वेळ देताना हे एक वाक्य सांगितले असते, तर मी ती कंपनीच्या संकेतस्थळावरून दहा मिनिटांत उतरवून घेतली असती. पुढची वेळ अडीच आठवड्यांनंतरची मिळाली, म्हणजे प्रसूतीच्या तारखेच्या जेमतेम दोन दिवस आधीची. नववा महिना लागलेल्या पत्नीला घरी जाऊन हे सांगताना मला फार वाईट वाटले.

अखेर एका परिचिताने शेजारच्या गावातील अग्निशमन केंद्राचे नाव सुचवले, आणि तिथे चौथ्याच दिवशी काम झाले. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी सीटला स्वतः हात लावला नाही; मी ती काढायची आणि पुन्हा बसवायची, त्या फक्त पाहणार. दुप्पट सुरक्षित म्हणून मी सीट गाडीला अडकवायचे खालचे हूक आणि गाडीचा पट्टा दोन्ही वापरले होते. त्यांनी पुस्तिकेतले पान उघडून दाखवले: या सीटसाठी दोहोंपैकी एकच वापरायचे. मग सीटच्या बेसमध्ये, म्हणजे तळाच्या भागात, गुडघा रोवून, पट्टा पूर्ण बाहेर ओढून लॉक करून मी तो घट्ट केला. सीट हलवून पाहायची ती वरच्या टोकाला धरून नव्हे, पट्टा जिथून जातो तिथे धरून, आणि तिथे ती एक इंचाहून अधिक हलता कामा नये, हेही तिथेच कळले. चौथ्या प्रयत्नात ती हलेनाशी झाली, तेव्हा मला खरोखर अभिमान वाटला.

आई बाळंतपणासाठी साताऱ्याहून आली होती. बाळाला दुपट्यात गुंडाळून मांडीवर घ्यायचे, असेच तिच्या मनात होते. आधी पट्टे, आणि दुपटे त्यांच्या वरून, हे समजावल्यावर तिने ते लगेच मान्य केले. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येऊ नये आणि छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत असावी.

रुग्णालयातून घरी निघण्याच्या दिवशी मला सर्दी होती आणि सकाळी घेतलेल्या गोळीने झापड येत होती. लायसन्सच्या परीक्षेसाठी वाचलेले तेव्हा आठवले, की इथला कायदा केवळ दारूपुरता नाही. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या गोळीने गाडी चालवण्याची क्षमता कमी झाली, तरी तो गुन्हाच ठरतो. दारूची मर्यादा रक्तात 0.08 टक्के आहे, भारतात ती 0.03 आहे, त्यामुळे इथे मोकळीक आहे असा आपल्या लोकांचा समज होतो. पण 14 वर्षांखालील मूल गाडीत असताना नशेत गाडी चालवल्याचे सिद्ध झाले, तर पहिल्याच वेळी मूळ शिक्षेवर सलग 48 तासांची वाढीव कैद होते. मी मित्राला बोलावले आणि त्याने आमचीच गाडी चालवली, कारण सीट तिच्यात बसवलेली होती.

राहून गेलेली एक गोष्ट: सीटसोबतचे नोंदणीचे कार्ड भरून पाठवावे, म्हणजे पुढे त्या सीटमध्ये दोष आढळला तर कंपनीकडून कळते.

मुलगी सहा दिवसांची असताना पहिल्या कार्यालयाकडून वेळेची आठवण करून देणारा फोन आला. ती वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्या, असे सांगून मी ती रद्द केली, आणि त्या व्यक्तीला गाडीची पुस्तिका आणायला आजच सांगा, अशी विनंतीही केली.