दाद खेळीला, मोजमाप स्थितीचं

मंगळवार, रात्री उशिरा

आज दिवसभर बुद्धिबळाच्या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांच्या, टिपा पडद्यावर कशा दाखवायच्या यातच गेला. व्हेरिएशनच्या (पर्यायी खेळ्यांच्या फांदीच्या) पोटात व्हेरिएशन, त्याच्या पोटात आणखी एक. प्रत्येक पातळी आत सरकवत गेलं की मोबाइलवर शेवटी जेमतेम दोन खेळ्या मावतील एवढी चिंचोळी पट्टी उरते. म्हणून ठरवलं: पहिली फांदी तेवढी नव्या ओळीवर, थोडी आत. त्याखालचं सगळं सलग, कंसात. छापील पुस्तकांत असंच असायचं आणि लोक पट मांडून ते वाचायचेच की. (काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा घोडा काळा आणि काळा घोडा पांढरा दिसतो, ते दुखणं उद्यावर ढकललंय.)

मांडणी सुटली, गाडं अडलं ट्रान्सपोझिशनपाशी, म्हणजे वेगळ्या क्रमानं खेळून त्याच स्थितीला पोचण्यापाशी.

क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड ही ओपनिंग घ्या. एक क्रम: १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा एफ३ घोडा एफ६. दुसरा: १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई६ ३. घोडा एफ३ डी५. पटावर मोहरी तीच, खेळायची पाळी पांढऱ्याचीच. पण पीजीएनमध्ये (डाव मजकुराच्या रूपात साठवायच्या फायलीत) टीप खेळीला चिकटलेली असते. पहिल्या फांदीत पानभर लिहावं आणि दुसऱ्या वाटेनं तिथंच पोचल्यावर कोरी जागा दिसावी, हे कोण चालवून घेईल?

स्थिती ओळखून टीप दोन्हीकडे दाखवायची, हे उघड आहे. ओळखण्यासाठी एफईएन, म्हणजे स्थितीचं एका ओळीतलं वर्णन, अक्षर न् अक्षर ताडून मात्र भागत नाही. पीजीएनच्या मूळ नियमानुसार प्यादं दोन घरं गेलं की एन पासांचं घर (ते एकच घर गेलं असं धरून शेजारचं प्यादं त्याला जिथं मारू शकतं ते) लिहायचंच, मग ते मारणारं कुणी असो वा नसो. दुसऱ्या क्रमात शेवटची खेळी डी५, म्हणून तिथं डी६ येतं; पहिल्यात नुसती आडवी रेघ. तेव्हा ताडायचं ते मोहरी, पाळी, कॅसलिंगचे (किल्लेकोटाचे) हक्क आणि खरोखर शक्य असलेलं एन पासां, इतकंच.

आणि दाखवायचं काय? बेलग्रेडच्या इन्फॉर्मेटर या बुद्धिबळाच्या प्रकाशनानं १९६६पासून भाषेची अडचणच नको म्हणून खुणा रुळवल्या. त्यातली "!" ही खेळीला दिलेली दाद, "±" (पांढरा वरचढ) हे स्थितीचं मोजमाप. पीजीएननं प्रत्येक खुणेला आकडा देऊन ही वाटणी आकड्यांतच करून ठेवलीय: १ ते ९ खेळीसाठी, १० ते १३५ स्थितीसाठी. म्हणजे "±" दोन्ही फांद्यांत दिसावं, "!" आपल्या खेळीपाशीच थांबावं. कोणीतरी फार आधी नीट विचार करून ठेवलाय, याचं बरं वाटलं.

शब्दांतल्या टिपांना असे आकडे नसतात. दुसऱ्या क्रमातल्या डी५ला कुणी लिहिलं, "क्वीन्स इंडियन नको असेल तर हे खेळा." हे वाक्य पहिल्या क्रमातल्या घोडा एफ६ खाली उमटलं तर हसंच होईल; तिथं डी५ पहिल्याच खेळीत झालेलं, त्या दुसऱ्या ओपनिंगचा प्रश्नच उरत नाही. उलट "आता घोडा सी३ आला की उंट ई७" हे दोन्हीकडे चपखल बसतं. दोन्ही वाक्यं एकाच टिपेत असली की मशीनला काय कळणार? आणि बहुतेक वेळा असतातच.

म्हणून लिहिताना दोन चौकटी देणार आहे, एक खेळीसाठी आणि एक स्थितीसाठी. जुन्या फायलींतला मजकूर आहे तिथंच राहील. दुसऱ्या वाटेनं येणाऱ्याला फक्त फिकट रंगात "हीच स्थिती तिकडेही आहे" एवढी सूचना आणि बोट लावलं की उडी. आपोआप वाटणी करण्याचा मोह टाळलाय. लिहिणाऱ्याच्या वाक्याचे तुकडे पाडण्याचा हक्क सॉफ्टवेअरला नसावा, असं माझं मत.

दोन चौकटींना नावं काय द्यायची, ते अजून ठरत नाही.